हात दाखवा, भाषा थांबवा

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अकरा महिन्यांचं एक बाळ राहतं. त्याला अजून ‘आई’ म्हणता येत नाही, पण ‘मोअर’ म्हणता येतं. तोंडाने नव्हे, हातांनी. दोन्ही हातांच्या चिमट्या करायच्या आणि टोकांना टोकं टेकवायची, की झालं ‘आणखी दे’. मुठीची उघडझाप केली की दूध. धार काढतात तशी ही खूण. बाळाने गाय पाहिली आहे ती फक्त दुधाच्या पिशवीवर, पण खूण चोख करतं. बाळाची आई हे सगळं मोबाइलवर अमेरिकेतल्या बायकांकडून शिकली. तिच्याकडून बाळाची आजी शिकली. आजी अमळनेरची. मऊ भात भरवताना तीही आता अमेरिकन सांकेतिक भाषेत विचारते, आणखी हवं का? बाळ घास थुंकतं. मग आजी अहिराणीवर येते.

परवा जिन्यात बाळाच्या आईने मला गाठलं. “काका, तुम्ही पेपरात लिहिता ना? मला आता ही साइन लँग्वेज सीरियसली शिकायचीय. कुठली घेऊ? एएसएल, बीएसएल, का आयएसएल?”

मिक्सर घ्यायच्या आधी साडेसातशे वॉटचा घेऊ की हजारचा विचारतात, तोच सूर. पेपरात लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक असतं हा समज मी गेली वीस वर्षं कुणाला मोडू दिलेला नाही. “इंडियन घे,” मी ठासून सांगितलं. “आपलं ते आपलं.” आणि घरी येऊन, आपलं ते म्हणजे नेमकं काय हे कळावं म्हणून, ‘इंडियन साइन लँग्वेज’ नावाचं पुस्तक मागवलं.

पुस्तक आलं. उघडलं तर पानोपानी रानरेडे, घोडे आणि तंबू. विल्यम टॉमकिन्स नावाच्या गृहस्थाने १९२६ साली काढलेलं हे पुस्तक, आणि त्यातले इंडियन म्हणजे उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतले मूळ रहिवासी. वेगवेगळ्या बोलींच्या टोळ्या एकमेकींशी व्यवहार करताना जी हातांची भाषा वापरत, ती त्यात आहे. भाषा अस्सल, पुस्तक मजेदार, फक्त माझ्या पत्त्यावर यायचं कारण नव्हतं. कोलंबसाची चूक सव्वापाचशे वर्षांनी कुरियरने माझ्या दारात आली आणि मी सही करून घेतली.

रानरेड्याची खूण मला आता उत्तम येते. ठाण्यात तिचा उपयोग फक्त घोडबंदर रोडवर होतो.

तर प्रश्न, कुठली शिकायची? त्याआधी लोक दुसराच प्रश्न विचारतात. “पण खुणांची भाषा जगात सगळीकडे एकच असते ना?” हे विचारणारा माणूस एरवी पुण्याच्या आणि नागपूरच्या मराठीत किती अंतर आहे यावर तासभर बोलू शकतो. हातांनी बोलणाऱ्यांवर मात्र त्याने एकच भाषा लादून टाकलेली असते. एकच नसते. आणि कुठली कोणाच्या जवळची, हे नकाशा पाहून कळत नाही. इंग्रज आणि अमेरिकन तोंडाने इंग्रजीच बोलतात, पण लंडनचा बधिर आणि न्यूयॉर्कचा बधिर समोरासमोर आले तर एकमेकांच्या हातांकडे बघत राहतील. कारण अमेरिकन सांकेतिक भाषेचं आजोळ फ्रान्समध्ये आहे. लोरां क्लेर नावाचा बधिर फ्रेंच शिक्षक अटलांटिक ओलांडून गेला, १८१७ साली हार्टफर्डला शाळा निघाली आणि तिथे फ्रेंच हात आणि स्थानिक हात मिसळले. म्हणून अमेरिकन मुळाक्षरं एका हातावर होतात आणि ब्रिटिश दोन हातांवर.

आपण मुळाक्षरांच्या बाबतीत ब्रिटिशांचे. दोन हातांवाले. डाव्या हाताची बोटं पसरायची आणि उजव्या तर्जनीने टोकांना स्पर्श करत जायचं: अंगठा म्हणजे ए, तर्जनी ई, मधलं बोट आय, अनामिका ओ, करंगळी यू. पाच बोटं, पाच स्वर. काम भागलं. मराठी माणसाचं भागत नाही, कारण त्याच्याकडे बाराखडी आहे. शिवाय त्याच्याकडे ळ आहे. मी ‘काळे’ असं नाव दाखवायला गेलो तर हातावर ‘काले’ उमटलं. देवनागरीचीही बोटलिपी आहे, पण चव्हाट्यावर चलती इंग्रजी एबीसीडीची. मराठीला अभिजात दर्जा २०२४ साली मिळाला. ळ अजून प्रतीक्षा यादीत आहे.

पण मुळाक्षरं म्हणजे भाषा नव्हे. बाकीच्या घराला इंग्रजांचा हात फारसा लागलेला नाही. आपल्या सांकेतिक भाषेत मिशीच्या जागी बोट गेलं की पुरुष आणि नाकाशी चमकीच्या जागी गेलं की बाई. आमच्या इमारतीत निम्म्या पुरुषांना मिशी नाही आणि एकाही बाईच्या नाकात काही नाही. भाषेला त्याचं काही नाही. आपण नाही का अजून फोन ‘लावतो’ आणि गाडी ‘हाकतो’. वाक्यात नकार शेवटी येतो, प्रश्नही शेवटी येतो. “मी येत नाही.” “तुझं नाव काय?” ओळखीचं वाटतं ना? आणि भुवया, गाल, खांदे हे शोभेला नसतात, व्याकरणाला असतात. तेच हात, भुवया वर गेल्या की प्रश्न, नाही गेल्या की विधान. म्हणजे चेहरा कोरा ठेवून ही भाषा बोलता येत नाही. आमच्या हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरींना ती कधीच जमणार नाही.

उल्रिके झेशान या जर्मन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी दिल्लीतल्या आणि कराचीतल्या बधिरांचं बोलणं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. शब्दांत थोडं इकडेतिकडे, पण व्याकरण एकच निघालं. म्हणजे जिला आपण छाती फुगवून ‘भारतीय’ म्हणतो, ती सीमेपलीकडेही तशीच बोलली जाते. हे वाक्य मी हळूच लिहितो आहे. कुणाच्या भावना दुखावल्या तर कृपया दोन्ही हातांनी कळवावं.

आता खरी गोष्ट. आमच्या कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे मशीनवर जो माणूस असतो त्याला सगळा परिसर ‘मुका’ म्हणतो. प्रेमाने म्हणतो, असं सगळ्यांचं म्हणणं. आधार कार्डाच्या प्रती काढून घेताना गिऱ्हाईक त्याच्याशी मोठ्याने बोलतं. न ऐकू येणाऱ्या माणसाशी मोठ्याने बोलणं हा आपला राष्ट्रीय उपाय आहे, पंखा बंद पडला की थापटी मारतो तसा. मी स्वतः सतरा वर्षं त्याच्यासमोर बोटं नाचवून ‘दोन’, ‘चार’ आणि ‘पाठपोट’ करत आलो. पाठपोटसाठी मी जी खूण करायचो ती पाहून तो नेहमी हसायचा. मला वाटायचं, माणूस हसतमुख आहे.

रानरेड्यानंतर मी मोबाइलवर सरकारी शब्दकोश उघडला. दिल्लीला २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र निघालं, त्याचा हा कोश. २०१८ साली ३ हजार शब्द, २०१९ साली ६ हजार, २०२१ साली १० हजार. सरकारी कामात अशी वाढ मी तरी दुसरी पाहिलेली नाही. त्यातून चार-दोन खुणा घोकल्या आणि दुकानात गेलो. नाव विचारलं. त्याचे डोळे असे काही मोठे झाले की मागच्या गिऱ्हाइकाला वाटलं मशीनला शॉक लागला. मग त्याने तर्जनीने डाव्या हाताच्या बोटांवर टकटक करत नाव सांगितलं. मला कळलं नाही. पुन्हा, हळू. तिसऱ्या वेळी कळलं. सतरा वर्षांनी. ते इथे छापतो म्हटलं तर त्याने दोन्ही हातांनी नकार दिला, तेव्हा छापत नाही.

मग मी कोशातली आणखी एक खूण केली. त्याने मान हलवली, ती खूण बरोबर असल्याचं मान्य केलं आणि हात लांब कुठेतरी उत्तरेकडे फेकला: ती तिकडची. मग पायाखालच्या जमिनीकडे बोट: इकडची ही. आणि वेगळी खूण. मग केसांवरून हात फिरवत, पिकलेले, म्हणजे म्हाताऱ्यांची: ही तिसरी. एकाच शब्दाच्या तीन खुणा, आणि हा तिन्ही बोलतो. माणूस बघून खूण बदलतो. माझ्याशी बोलताना तो कोशातली वापरतो, आणि ती इतकी सावकाश करतो, जसं आपण एखाद्या जपानी पाहुण्याला ‘वडा-पाव’ म्हणून दाखवू.

म्हणजे कुठली शिकायची हा प्रश्न ज्यांना सुटलेला आहे ती माणसं दर शहरात आहेत. आपण तो मोबाइलला विचारतो.

यावर अभ्यास झालेला नाही असंही नाही. सत्तरच्या दशकात मदन वसिष्ठ आणि अमेरिकन जेम्स वुडवर्ड वगैरे मंडळींनी दिल्ली, मुंबई, कलकत्ता, बंगलोर अशी चार शहरं फिरून बधिरांच्या खुणा गोळा केल्या. वसिष्ठ हिमाचलचे, स्वतः बधिर, पुढे अमेरिकेतल्या गॅलॉडेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांना काय आढळलं? सुमारे पाऊण हिस्सा खुणा चारही शहरांत एकमेकींच्या नात्यातल्या. चार शहरांत तोंडाने बोलणाऱ्यांच्या चार भाषा, तीन लिप्या, आणि हातांनी बोलणारे पाऊण रुपया एकमतात. भारतीय सांकेतिक भाषा नावाची काही चीजच नाही, नुसते हातवारे आहेत, असं तोवर मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. तज्ज्ञांना अर्थातच ऐकू येत होतं.

उरलेल्या पाव हिश्शाचं काय करायचं, यावर आता सरकार विचार करतं आहे. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० सालच्या, लिहिलंय की भारतीय सांकेतिक भाषेचं देशभर प्रमाणीकरण होईल. पुढचं वाक्य त्याहून गोड. स्थानिक सांकेतिक भाषांचाही आदर राखला जाईल आणि त्या शिकवल्याही जातील, मात्र जिथे शक्य आणि प्रस्तुत असेल तिथे. ‘शक्य असेल तिथे’ या तीन शब्दांचा मराठी माणसाला उत्तम अनुभव आहे. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी यांचा आम्ही कायम आदरच करत आलो, स्नेहसंमेलनात. वर्गात नाही. आता तीच सोय हातांनाही होईल. झेरॉक्सवाल्याच्या इकडच्या खुणेला वर्षातून एकदा, २३ सप्टेंबरला, सांकेतिक भाषा दिनी, व्यासपीठावर बोलावतील.

प्रमाण नकोच असं म्हणणं नाही. दिल्लीत भरणाऱ्या परीक्षेला, टीव्हीवरच्या बातमीपत्राला, कोर्टातल्या दुभाष्याला एक सामाईक साचा लागतो. कोश बधिरांना सोबत घेऊन केला, हेही चांगलं. पण कोश हा भाषेचा वंशवृक्ष असतो, वराला वधू सुचवणारं मंडळ नसतो. निकाराग्वात १९८० च्या आसपास मानाग्वाच्या शाळांत बधिर मुलं पहिल्यांदा एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठांवरून स्पॅनिश शिकवत होते, ते काही जमेना. मुलांनी आपापल्या घरच्या खुणा एकत्र केल्या आणि पटांगणात, बसमध्ये, काही वर्षांत सबंध भाषा उभी केली. व्याकरणासकट. भाषाशास्त्रज्ञ अजून तिचे गोडवे गातात. समिती नेमली असती तर अजून पहिल्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर व्हायचं असतं.

एक तिसरा वाण बाजारात आहे, त्यापासून मी तिसऱ्या मजल्याला आधीच सावध केलं. मराठी किंवा हिंदी वाक्य जसंच्या तसं घ्यायचं आणि शब्दाशब्दाला हात हलवायचे. प्रत्ययांनासुद्धा. ‘रामाने रावणाला बाणाने मारले’ यातल्या दोन ‘ने’ना आणि एका ‘ला’ला वेगवेगळी बोटं. ऐकणाऱ्या शिक्षकांना हे फार सोपं जातं, कारण त्यांना काहीच नवीन शिकावं लागत नाही. बधिर मुलाला ते कसं दिसत असेल? इंग्रजी शब्द घेऊन मराठीच्या चालीने बोलणारा आमचा एक मामा होता: “आय टू यू हाउ मेनी टाइम्स टोल्ड!” बिचारा इंग्रज उभा राहून ऐकायचा. बधिर पोरंही तशीच, सभ्यपणे, बघत बसतात.

इथवर चेष्टा झाली. आता माझ्या मावसबहिणीकडे चला, बदलापूरला. तिच्या नातवाला ऐकू येत नाही हे अडीच वर्षांचा झाल्यावर कळलं. तोवर ‘आमच्याकडे बोलायला उशीरच होतो’ यावर भागवलं होतं. मग श्रवणयंत्र आलं, वाचा-उपचार आले. आणि उपचार करणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं: घरात खुणा बंद. खुणा केल्यात तर पोरगं बोलायचं नाही, आळशी होईल. मी गेलो तेव्हा मावसबहीण नातवाशी बोलताना दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली होती. चुकून बाहेर आले की सून डोळे वटारायची. पोरगा सगळ्यांच्या ओठांकडे बघत होता.

तुम्हीही एकदा आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा: बाबा. मग म्हणा: मामा. मग म्हणा: पापा. बघा काही फरक दिसतो का. ओठ मिटले, उघडले, मिटले, उघडले. तिन्ही वेळा तेच. प, ब, म ही ओठांवर दिसायला तिळी भावंडं. क, ख, ग तर दिसतच नाहीत, ते घशात मागे कुठेतरी होतात. या पोराच्या घरी बाप आणि मामा दोघेही आहेत. दोघांना तो एकाच हालचालीने ओळखतो आणि नाव चुकलं की सगळे हळहळतात. मिशीवर बोट ठेवून काम दोन सेकंदांत झालं असतं. पण ती खूण. बंद.

आता दोन घरं एकमेकांशेजारी ठेवा, आमच्या तिसऱ्या मजल्यावरचं आणि बदलापूरचं. ज्या बाळाला टाचणी पडली तरी ऐकू येतं, त्याचे आईबाप रात्र जागून त्याला खुणा शिकवतात, का, तर बुद्धीची वाढ होते. खुणांमुळे त्याचं बोलणं खुंटेल असं तिथे कुणी म्हणत नाही. आणि ज्याला काही ऐकू येत नाही, त्याच्या आजीने हात पदराखाली घ्यायचे. श्रवणयंत्र लावा, परवडलं तर कानात शस्त्रक्रिया करून ते कॉक्लियर का काय तेही बसवा, बोलायला जरूर शिकवा, माझी ना नाही. पण यंत्राची बॅटरी संपते तेव्हा पोराने काय करायचं? आंघोळीला यंत्र काढतात. झोपताना काढतात. रात्री भीती वाटली तर ती सांगायला त्याच्याकडे काय आहे?

ही अक्कल बदलापूरच्या बाईंची स्वतःची नव्हे. तिचं गाव मिलान, इटली. १८८० साली तिथे बधिरांच्या शिक्षकांची जागतिक परिषद भरली. प्रतिनिधी १६४, त्यातला बधिर एक. ठराव झाला: तोंडी शिक्षणच श्रेष्ठ, वर्गात खुणा नकोत. जगभरच्या शाळांतून हात खाली आले, बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच दशकात मुंबईत आपल्या देशातली बधिरांची पहिली शाळा निघाली, म्हणजे आम्ही जन्मलोच त्या हवेत. परिषदेच्या वारसांनी व्हँकुव्हरला दिलगिरी व्यक्त केली ती २०१० साली. एकशे तीस वर्षांनी. ती दिलगिरी बदलापूरला पोहोचायला आणखी किती लागतील, ते मध्य रेल्वेवर अवलंबून आहे.

झेरॉक्सवाला अशाच शाळेतला. त्याने मला कागदावर लिहून, मध्येच हातांनी, मध्येच कागदावर, सांगितलं. वर्गात हात वर दिसले की पट्टी. मग भाषा कुठे शिकलास? वसतिगृहात, दिवे गेल्यावर खिडकीच्या उजेडात. नळावर. मधल्या सुट्टीत. म्हणजे या माणसाच्या आयुष्यात शाळा भरायची ती घंटा झाल्यावर.

आणि नंतर लोकलमध्ये. मुंबईच्या लोकलमधला अपंगांचा डबा ही बधिरांची चावडी आहे. अ‍ॅनेलिस कुस्टर्स या स्वतः बधिर असलेल्या बेल्जियन संशोधक बाईंनी या डब्यावर अभ्यास केलाय. आपण त्याच फलाटावर उभे राहून त्या डब्याकडे फक्त ‘त्यात जागा असते’ एवढ्याच नजरेने बघतो. परवा ठाण्याला मी मुद्दाम तिथे थांबलो. समोरच्या फलाटावर दोघं, आमच्या फलाटावर एक. मध्ये चार रूळ. भोंगे, उद्घोषणा, वडेवाल्याचं ‘गरम, गरम’, आणि या सगळ्याच्या आरपार तिघांच्या निवांत गप्पा चाललेल्या. आमच्या बाजूला मी आणि एक गृहस्थ मात्र हातभर अंतरावरून एकमेकांना “काय? काय म्हणालात?” करत होतो. मग मधून जलद गाडी आली. इकडच्याचे हात वाक्याच्या मध्यावर, छातीसमोर, तसेच थांबले. पंधरा डबे गेले. हातांनी पुढचा शब्द घेतला.

हे पाहिल्यावर त्या हातमोज्यांचं हसू येतं. दर वर्षी एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पोरं एक हातमोजा बनवतात. तो घालून खुणा केल्या की स्पीकरमधून शब्द येतात. पेपरात फोटो, मंत्रिमहोदयांची शाबासकी, क्रांती. पुढच्या वर्षी दुसऱ्या महाविद्यालयात तीच क्रांती. मोजा बधिराने घालायचा, वायरी त्याने सांभाळायच्या, ऐकणाऱ्याने काही करायचं नाही. आणि भुवया? भुवयांना मोजा कोण घालणार? व्याकरण सगळं चेहऱ्यावर राहून जातं आणि स्पीकर म्हणत बसतो: पाणी. पाणी. पाणी.

न समजता टाळ्या वाजवायची आपली ही सवय जागतिक आहे. डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्गला मंडेलांच्या शोकसभेत ओबामांपासून सगळ्यांच्या शेजारी उभा राहून एक दुभाष्या हात हलवत होता. जगभरचे नेते, कॅमेरे, सुरक्षा. कुणाला काही वावगं वाटलं नाही. बधिर प्रेक्षकांनी पहिल्या काही मिनिटांतच सांगितलं की हा माणूस काहीही बोलत नाहीये, नुसते हात हलवतोय. त्यांचं म्हणणं जगाच्या कानावर गेलं तोवर भाषणं संपली होती.

आकड्यांचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले सुमारे ५० लाख. बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेचा अंदाज १ कोटी ८० लाख. मधले १ कोटी ३० लाख कुठे गेले? माझा कयास असा की जनगणनेवाल्यांनी दाराबाहेरून हाक मारली असणार.

तर तिसऱ्या मजल्याला मी शेवटी काय सांगितलं? अमेरिकेला जाणार असाल तर अमेरिकन शिका. ब्रिटनला स्थायिक होणार असाल तर ब्रिटिश, तिकडे २०२२ पासून तिला कायद्याची मान्यताही आहे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेचं नाव आहे, राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या बावीस भाषांत मात्र नाही. मुक्त विद्यालयात २०२१ पासून ती भाषा म्हणून घेता येते. पण कोपऱ्यावर झेरॉक्स काढायला जाणार असाल तर झेरॉक्सवाल्याची शिका. आणि शिकवणारा बधिर आहे की नाही, एवढं एकच विचारून घ्या. फी, प्रमाणपत्र, पीडीएफ नोट्स सगळं नंतर.

तिने खालच्या दुकानात जाऊन विचारलं. त्याने तिला एका वर्गाचा पत्ता लिहून दिला. मीही जातो. तोंड उघडायला बंदी आहे, त्यामुळे माझी पंचाईत होते. मास्तर बधिर, वय असेल तिशीचं. पहिल्या दिवशी त्याने प्रत्येकाला खुणेचं नाव दिलं. बधिरांत नाव असंच मिळतं, दुसऱ्याने द्यायचं, दिसेल त्यावरून. मी मनात ‘लेखणी’ वगैरे धरून बसलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि घसरलेला चष्मा बोटाने वर ढकलल्याची खूण केली. बारा जणांनी ती एकदम केली. आता मी जगात कुठेही त्या मंडळींत गेलो तरी चष्मा सावरणारा.

दोन आठवड्यांपूर्वी मावसबहिणीची सून आली, बदलापूरहून, उपचारवाल्या बाईंना न सांगता. पोराला घेऊन. मास्तरांनी पोरासमोर उकिडवं बसून मिशीवर बोट नेलं आणि पोराने आधी मास्तरांच्या ओठांकडे बघितलं. ते मिटलेले होते. मग हाताकडे.

वर्ग दर रविवारी सकाळी दहाला, वाचनालयाच्या वरच्या खोलीत असतो. येणार असाल तर वेळेवर या. उशीर झाला तर दार वाजवत बसू नका, ऐकायला आत कुणी नाही. चौकटीच्या डाव्या बाजूला बटण आहे, ते दाबा. आत दिवा लागतो.